एका दिवसात दोन हजार वर्षे : कल्याण ते ठाणे

जपानमधील क्योटो शहराच्या रेल्वे स्टेशनची नवी इमारत १९९७ साली उभी राहिली. काच आणि पोलादाची अवाढव्य इमारत! तेथून थोड्या चालीवर तो-जी हे बौद्ध मंदिर आहे. त्याचा सुमारे ५५ मीटर उंच लाकडी पॅगोडा १६४४ सालापासून उभा आहे. जपानी शाळा आपल्या मुलांना सहलीसाठी मुद्दाम क्योटोला नेतात. अशी वर्णने वाचली की आपल्या घरात एकच प्रश्न निघतो, आपल्या खिशाला हे कसे परवडणार?

वाचकहो, जुने आणि नवे असे शेजारी-शेजारी पाहायला विमानात बसावे लागत नाही. ते आपल्या लोकलच्या मार्गावर आहे. वस्तीतील पाच-सहा कुटुंबे मिळून आम्ही एका रविवारी कल्याण ते ठाणे असा फेरफटका केला. डबे घरचे, रिक्षाचे भाडे सर्वांत वाटून.

सकाळी प्रथम लोनाडला गेलो. कल्याणच्या ईशान्येस, भिवंडी तालुक्यात हे गाव आहे. तेथील टेकडीत पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे बौद्ध लेणे आहे. भिंतीवर राजा, राणी आणि सेवक यांचा शिल्पपट आहे. आज तेथे खंडेश्वरी देवीची पूजा होते. गावकऱ्यांशी आदराने बोलावे, सावलीत बसावे आणि मुलांना कल्याणची गोष्ट सांगावी.

ही गोष्ट अशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात कल्याणचा 'कल्लिएना' असा उल्लेख आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या लेखकानेही या बंदराच्या व्यापाराची नोंद केली. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. त्यांत व्यापारी आहेतच, पण पाण्याची टाकी दान देणारा कल्याणचा सोनार आहे आणि वाट बांधून देणारा लोहारही आहे. कल्याणात अंबालिका नावाचा विहार होता, हेही आपल्याला कान्हेरीच्याच एका लेखातून कळते.

"तो लोहार राजा होता का?" एका मुलाने विचारले. नाही बाळा, तो लोहारच होता. दिवसभर भाता फुंकून, घाम गाळून मिळवलेल्या पैशातून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाट केली आणि त्याचे नाव दगडात राहिले. 'आपल्याला इतिहासच नाही' असे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले, त्या घरातील मुलांनी हे ऐकलेच पाहिजे.

दुपारी कल्याणात परतून खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला पाहिला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. ती जहाजेसुद्धा सुतारांच्या आणि लोहारांच्याच हातांनी उभी राहिली.

मग स्टेशनवर आलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोहोचली. पुढे घाट फोडताना हजारो मजूर राबले. कित्येक पटकीने आणि अपघातांनी गेले. बोर घाटाचा मार्ग १८६३ साली, तर थळ घाटाचा १८६५ साली सुरू झाला. कान्हेरीच्या लोहाराचे नाव दगडात आहे; रुळाखाली खडी टाकणाऱ्या त्या मजुरांची नावे कोठे कोरली आहेत? कल्याण जंक्शनच्या पुलावर उभे राहून आम्ही मुलांना हाच प्रश्न विचारला. खाली गाड्यांवर गाड्या येत होत्या. मुले गप्प झाली, हे आम्हाला बरे वाटले.

संध्याकाळी ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, भेळ खाल्ली. जवळच मध्यवर्ती तुरुंग आहे. १७३० साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला तो किल्लाच पुढे तुरुंग झाला. याच शहरात आज काचेचे मॉल आहेत आणि उंच उंच इमारतीही. मुलांना मॉल माहीत होता. तो कोणी बांधला हे मात्र कोणी सांगितले नव्हते. आमच्यातील एक भाऊ गवंडीकाम करतो. त्याने विटा, सिमेंट, परांची सारे समजावून दिले आणि पोरे त्याच्याभोवती गोळा झाली.

माता-भगिनींनो, एक रविवार असा काढा. मुलांना वही-पेन्सिल द्या. लेण्याच्या भिंतीवर स्वतःचे नाव ओरखडू देऊ नका. ज्याने वाट बांधली त्याचेच नाव दगडात शोभते. आपल्या मुलांनी ते आधी वहीत लिहून घ्यावे आणि घरी येऊन आजीला वाचून दाखवावे.