आठशेचे हरवलेले घोडे : जुन्या इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे नेमकं काय?

आम्ही वर्कशॉपमधली माणसं. रोज जुनी इंजिनं खोलायची आणि पुन्हा जोडायची, हेच आमचं काम. त्यामुळे आज सांगणार आहोत ते हाताला तेल लागूनच कळलेलं आहे, थोडं गणित मात्र सोबत घेऊ.

सुरुवात एका गाडीपासून करू. एक तरुण वडिलांची मारुती आठशे घेऊन आला. कार्बोरेटरवाली, जुनी. त्याने आधीच मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवून घेतला होता. आवाज जोरदार, पण पसरणी घाटात गाडी खेचत नव्हती. ‘बाबा जिथे तिसऱ्यावर चढवायचे, तिथे आता दुसराही पुरत नाही,’ असं तो म्हणाला. ‘दहा-पंधरा घोडे वाढवून द्या.’ घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते आधी पाहायला हवं होतं.

हॉर्सपॉवर म्हणजे काय? मेट्रिक मोजमापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक घोडा. इंजिनाच्या भाषेत ही ताकद दोन गोष्टींनी ठरते. प्रत्येक फेऱ्याला किती जोर लागतो, म्हणजे टॉर्क; आणि मिनिटाला किती फेरे होतात. जोर वाढवा किंवा फेरे वाढवा, तिसरा मार्ग नाही. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : हवा.

आठशेचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. मिनिटाला ५००० फेरे धरले तर श्वास २५००. गुणाकार करून बघा, जवळजवळ २००० लिटर हवा येते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, दर मिनिटाला! प्रत्यक्षात एवढी हवा आत जात नाही. फिल्टर, कार्बोरेटर, व्हॉल्व, सगळे वाटेत अडवतात. पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा नसेल तर जादा पेट्रोल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि पीयूसीला गाडी नापास होते.

आता त्या तरुणाचा उघडा फिल्टर बघा. तो बॉनेटखाली गरम हवा ओढत होता. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असेल, तर हवा साडेसात टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन साडेसात टक्के श्वास कमी केला. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला ते लांब नाक उगाच दिलेलं नसतं. घाटमाथ्यावर त्यात आणखी भर पडते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा मुळातच बारा-पंधरा टक्के विरळ असते, त्यामुळे धडधाकट गाडीही तिथे थोडी सुस्तावते.

पुढची पायरी कॉम्प्रेशन टेस्ट. प्लग काढायचे, गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारायचा. त्याच्या गाडीचे आकडे आले १२, ८, १२. तीन सिलिंडरमध्ये एकापेक्षा जास्त फरक नसावा. इथे चारचा होता. मग मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं. तो वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व बसत नव्हता. तीन बैलांच्या औतात एक बैल लंगडा, आणि आपण औताला घुंगरं बांधत होतो!

म्हणून आमचा पहिला नियम : नवे घोडे विकत घेण्याआधी हरवलेले शोधा. कारखान्यातून ही गाडी ३७ ते ३९ घोड्यांची निघाली. व्हॉल्व लॅपिंग, टॅपेटचं अंतर, इग्निशन टायमिंग, कार्बोरेटरची सफाई, प्लग, घसरणारा क्लच, चिकटलेले ब्रेक, टायरमधली हवा. यातली प्रत्येक गोष्ट थोडं थोडं खाते. टपावरचं कॅरिअर आणि डिकीतलं सामान मिळून ४० किलो उतरवलं तर सव्वासातशे किलोच्या गाडीचं पाच-साडेपाच टक्के वजन कमी होतं. चढावर हे दोन घोड्यांइतकं काम करतं, फुकटात.

‘पण मूळच्यापेक्षा जास्त हवी असेल तर?’ हा प्रश्न येणारच. एकेक उपाय मोजून बघू.

हेड फेसिंगला देऊन कॉम्प्रेशन रेशो ८.७ वरून ९.५ केला, तर सिद्धांताने फायदा अडीच टक्क्यांचा, म्हणजे एक घोडा. त्यासाठी हेड जेमतेम एक मिलिमीटर घासायचं. जास्त घासलं तर साध्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं, आणि नॉकिंग पिस्टनला भोक पाडू शकतं. बोअर अर्ध्या मिलिमीटरने मोठा केला तर ७९६ सीसीचे होतात ८०८. दीड टक्का! बोअर करायचा तो सिलिंडर झिजला म्हणून, ताकदीसाठी नव्हे.

खरी वाढ येते ती श्वासातून. याचा पुरावा मारुतीनेच दिला. २००० च्या सुमारास याच ७९६ सीसीत सिलिंडरमागे दोनऐवजी चार व्हॉल्व आले, एमपीएफआय आलं, आणि घोडे झाले ४५, तेही ६००० फेऱ्यांवर. आकार तोच, श्वास मोकळा. पण बघा, ही ताकद वरच्या फेऱ्यांवर मिळते. घाटात कामाला येतो तो खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क. मोठ्या तोंडाचा सायलेन्सर बहुधा तोच घालवतो.

आणि ताकदीबरोबर काय यायला हवं, हे इंग्लंडच्या मिनीकडून शिकावं. १९५९ ची मिनी ८४८ सीसी, ३४ घोड्यांची. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या नावाची मिनी कूपर आली : ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर, ५५ घोडे. त्याच गाडीला पुढे डिस्क ब्रेकही दिले. घोडे आणि लगाम एकाच दिवशी! पुढे १९६४ मध्ये कूपर एस माँटे कार्लो रॅली जिंकली, ती या समतोलावर.

आपण हाच हिशोब विसरतो. ताकद १० टक्के वाढली तर कमाल वेग वाढतो जेमतेम ३ टक्के, कारण हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. उलट ८० चा वेग १०० झाला की ब्रेकना जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. त्या तरुणाच्या गाडीचे मागचे ब्रेक शू आम्ही उघडले तेव्हा अस्तर संपून धातू धातूला घासत होता. त्याला दहा घोडे वाढवून हवे होते, आणि असलेले थांबवायची सोय नव्हती. त्याच गाडीत आई-वडिलांना बसवून तो घाट उतरत होता.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनीही असे बदल पुढे करते.

शेवटी काय केलं? हेड उतरवलं, व्हॉल्व बसवले, जुना फिल्टरचा डबा आणि साधा सायलेन्सर परत लावला, ब्रेक नवे केले. एकही घोडा वाढवला नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला : ‘तिसऱ्यावर चढली.’

मंडळी, गेजला खर्च फार नसतो. आधी मोजा, मग खर्च करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.