कॉफीच्या बियांचा सातबारा

देवगडचा शिक्का मारलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा निघाला, तर आपल्याला फारसा धक्का बसत नाही. बाजारात हे चालायचंच, असं म्हणून आपण पेटी घरी नेतो आणि पहिली फोड तोंडात टाकल्यावर नुसती मान हलवतो. आंब्याचं निदान चवीवरून कळतं तरी. भाजून, दळून, पाकिटात बंद झालेल्या कॉफीचं काय करायचं?

हवाई बेटांवरच्या कोना भागातल्या शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. हुआलालाई आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींच्या उतारांवरच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोना कॉफी पिकते. तिची गणना जगातल्या महागड्या कॉफींत होते, आणि जिथे भाव तिथे भेसळ. १९९६ मध्ये पनामा आणि कोस्टा रिकाची बी कोनाच्या पोत्यांत भरून विकणारा एक व्यापारी पकडला गेला. त्याने धंदा थांबला नसावा, कारण २०१९ साली कोनाच्या शेतकऱ्यांनी सिएटलच्या फेडरल कोर्टात दुकानदार आणि पुरवठादारांच्या अख्ख्या फळीविरुद्ध दावा लावला. त्यांचा हिशेब शाळकरी पोरालाही कळावा असा होता: कोनात वर्षाला पिकते सुमारे २७ लाख पौंड, आणि ‘कोना’ म्हणून विकली जाते २ कोटी पौंड!

पण हिशेबाने संशय येतो. अमुक एक पाकीट खोटं आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. युटा विद्यापीठातले शास्त्रज्ञ जेम्स एह्लरिंजर यांनी तो पुरावा शोधला बियांतल्या धातूंमध्ये.

झाड मुळांवाटे पाणी ओढतं तेव्हा जमिनीत जे विरघळलेलं असेल ते थोडंफार सोबत येतंच. काही धातू झाडाला हवे असतात, काही चुकून घरात शिरतात. स्ट्रॉन्शियम हा रसायनाच्या दृष्टीने कॅल्शियमचा सख्खा भाऊ, त्यामुळे झाड फसतं आणि त्यालाही आत घेतं. रुबिडियम तसाच पोटॅशियमच्या आडून येतो. हा धातू १८६१ मध्ये बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी वर्णपटातल्या रेषांवरून ओळखला, आणि पुढे तो कॉफीतही सापडला. जमीन आम्लधर्मी असेल तर मँगनीज जास्त चढतं. थोडक्यात, प्रत्येक बी आपला सातबारा पोटात घेऊन फिरत असते.

सगळेच धातू साक्षीला उपयोगी नसतात. एक किलो हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीत १५ ते २० ग्रॅम पोटॅशियम असतं, पण ते कुठल्याही मळ्यातल्या कॉफीत तसंच भरपूर. मँगनीज काही डझन मिलिग्रॅम, स्ट्रॉन्शियम त्याहून कमी, निकेल तर बहुधा मिलिग्रॅमच्या आसपास. खरी माहिती या चिमटीएवढ्या धातूंतच असते. त्यातही तांब्यावर भरवसा ठेवणं अवघड. नाशिकचा द्राक्षबागायतदार जे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो, तेच कॉफीच्या मळ्यात तांबेऱ्यावर फवारतात. मग बीतलं तांबं जमिनीचं किती आणि पंपातलं किती, हे कोण सांगणार?

मोजणीची सुरुवात तराजूवर होते, आणि पहिली फसगतही तिथेच. नमुना लागतो जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे तीन-चार बिया! एवढ्याशा बियांनी ६० किलोच्या पोत्याची साक्ष द्यायची, म्हणून आधी पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून, एकत्र दळून, त्यातला अर्धा ग्रॅम घ्यावा लागतो. आता हिरवी बी दगडासारखी टणक. पोलादी पात्याच्या यंत्रात दळली तर पात्याचंच लोखंड, क्रोमियम आणि निकेल पिठात उतरतं, आणि आपण मोठ्या अभिमानाने मिक्सरचं भांडं मोजून मोकळे होतो. ते टाळायला अकीकाचा किंवा सिरॅमिकचा खल वापरतात.

हे पीठ नायट्रिक आम्लात घालून घट्ट बंद भांड्यात मायक्रोवेव्हने सुमारे २०० अंशांवर तापवलं, की तपकिरी धूर सुटतो आणि कॉफीची कॉफी म्हणून असलेली सगळी ओळख जळून जाते. उरतं ते पाण्यासारखं निवळ द्रावण. त्याचे तुषार आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त असतं. अणूंवर विद्युतभार येतो आणि पुढचं यंत्र त्यांना वजनानुसार वेगळं करून मोजतं. हजार टन धान्यात एक ग्रॅम मीठ मिसळावं, इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत त्याची नजर पोचते.

तरी यंत्रही चकतं. आर्गॉनचं वजन ४०, ऑक्सिजनचं १६. दोघं हातात हात घालून आले की ५६ भरतात आणि नेमकं तेच लोखंडाचं वजन. मग हेलियम वायूच्या गर्दीतून सगळ्यांना जायला लावतात. आकाराने मोठी असलेली ही जोडी जास्त धक्के खाते, शक्ती गमावून मागे पडते, आणि लोखंड पुढे निसटतं. शिवाय नुसत्या आम्लाचा कोरा नमुना आणि धातूंचं प्रमाण आधीच पक्कं ठाऊक असलेला एखादा नमुना सोबत चालवतात. अमेरिकेच्या मानक संस्थेकडे यासाठी सफरचंदाच्या पानांचा चुरा बाटलीत भरून विकत मिळतो. त्याचं उत्तर चुकलं, तर कॉफीच्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कोनाच्या खटल्यात दुकानातली कॉफी भाजलेली होती. भट्टीत पाणी उडतं, वजन घटतं, त्यामुळे किलोमागे धातूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पण स्ट्रॉन्शियम आणि जस्त दोघेही जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर टिकतं. बेरियम आणि निकेलचंही तसंच. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. किती आहे हे सोडून कुणाच्या मानाने किती, एवढंच विचारायचं! पाकिटांमागून पाकिटं कोनाच्या गुणोत्तरांशी जुळेनात. कंपन्यांनी एकामागून एक तडजोडी केल्या, आणि त्यांची बेरीज ४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेली.

यंत्राला ‘ही कोना नाही’ एवढं म्हणता येतं, तेही खऱ्या कोनाचे पुरेसे नमुने आधी मोजलेले असतील तरच. मग ती कुठली, हे सांगायला जगभरच्या कॉफीची नोंदवही हवी. आपल्याकडे २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू इथल्या अरेबिकाला, तसंच वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते राखायला अशी वही लागेलच. तिची पानं भरायची तर हंगामात कुणीतरी डोंगर चढून, मळ्यामळ्यातून मूठमूठ हिरवी बी गोळा करायची, आणि पावसाबरोबर जमिनीतलं देणं-घेणंही बदलतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच डोंगर चढायचा.