दुकानाचा हिशोब आणि कॉलेजची मुले

कर्ज मागायला गेलेल्या छोट्या दुकानदाराला बँकेत पहिला प्रश्न येतो तो उलाढालीचा. वर्षभरात विक्री किती, हातात उरते किती? धंदा जुना असतो, गिऱ्हाईक बांधलेले असते, पण या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसते. बहुतेक अर्ज इथेच अडतात. हे उत्तर कागदावर आणायला मदत करू शकतील अशी मुले आपल्याच गावात शिकत आहेत. त्यांची मदत कशी घ्यायची आणि ती कुठवर जाते, हे क्रमाने पाहू.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक दिले जातात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या तासांचे मोजमाप. प्रत्यक्ष कामात एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुलांना खऱ्या व्यवसायात बसून काम करायचेच असते. जालन्यात जे.ई.एस. महाविद्यालयासारखी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली महाविद्यालये आहेत. तिथे वाणिज्य किंवा अर्थशास्त्र विभागप्रमुखांना भेटा आणि “माझ्या दुकानाचा हिशोब प्रकल्पासाठी घ्याल का?” असे सरळ विचारा. सत्राच्या सुरुवातीला गेलात तर बरे, कारण तेव्हा विषयवाटप व्हायचे असते.

येणारा विद्यार्थी सनदी लेखापाल नसतो. त्याने विवरणपत्रावर सही करायची नाही आणि आपण त्याला ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कोरा सही केलेला धनादेश द्यायचा नाही. त्याचे काम लिहिण्याचे, मोजण्याचे आणि समजावून सांगण्याचे. प्राध्यापकांच्या सहीचे पत्र त्याच्याकडे असावे.

पहिली पायरी रोजकीर्दीची, म्हणजे रोज आलेल्या-गेलेल्या पैशांच्या नोंदीची. निदान दोन-तीन महिने ती नेमाने लिहायला हवी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गल्ल्यातून दूधवाल्याला पैसे दिले, मुलीची फी भरली, पाहुण्यांसाठी मिठाई आणली, आणि महिनाअखेर वाटते की धंद्यात काही उरतच नाही. खरे तर उरलेले घरात गेलेले असते. म्हणून घरासाठी काढलेली रक्कम ‘उचल’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा, मग ती दहा रुपयांची का असेना. उधारीचेही तसेच: माल गेला त्या दिवशी विक्री लिहा, पैसे आले त्या दिवशी वसुली.

यूपीआयने येणारे पैसे शक्यतो एकाच खात्यात घ्या. काही दुकानदार अर्धे पैसे मुलाच्या खात्यावर घेतात. मग बँकेला आपली विक्री अर्धीच दिसते, आणि कर्जही त्याच बेताने मिळते.

आता हिशोब मांडू. समजा आपले शिवणकामाचे छोटे दुकान आहे. चांगल्या महिन्यात विक्री ७८,००० रुपये. कापड, अस्तर, दोरा ४२,०००, भाडे ६,०००, वीज २,०००, मदतनीसाचा पगार ८,०००. उरले २०,०००. घरखर्चाची उचल १२,००० गेली की हातात ८,००० राहतात. आपल्याला मशिनसाठी दीड लाख हवे आहेत. ११ टक्के व्याजाने ३ वर्षांसाठी मासिक हप्ता साधारण ४,९०० रुपये येतो. आठ हजारांतून तो आरामात निघेल, असे वाटते.

पण जालन्यात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. सोयाबीन आणि कापूस मोंढ्यात आला की बाजार उठतो. दिवाळी आणि लग्नसराई हात देतात, पावसाळ्यात मात्र शेतकऱ्याचा पैसा रानात अडकलेला असतो. समजा मंदीच्या महिन्यात विक्री ५५,००० वर आली. मालाचा खर्च ३०,००० पर्यंत उतरेल, पण भाडे, वीज, पगार मिळून १६,००० तसेच राहतील. उरले ९,०००, आणि घराला लागतात १२,०००. त्यात हप्ता धरला तर त्या महिन्यात ७,९०० रुपये कमी पडतात. चांगल्या महिन्यात हप्ता भरून शिल्लक राहतात ३,१००. म्हणजे मंदीचा एक महिना अडीच चांगल्या महिन्यांची शिल्लक खातो.

वर्षात असे चार महिने आले, तर आठ चांगल्या महिन्यांची शिल्लक २४,८०० आणि तूट ३१,६००. कर्ज पहिल्याच वर्षी थकेल. तेच कर्ज ५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे ३,२६० होतो. मग शिल्लक जवळपास ३८,०००, तूट २५,०००. व्याज एकूण १९,००० रुपयांच्या आसपास जास्त जाते हे खरे, पण दुकान टिकते. विद्यार्थ्याकडून दुसरे काही करून घेतले नाही तरी चालेल, हा बारा महिन्यांचा तक्ता मात्र करून घ्याच. नुसता चांगला महिना पाहून हप्ता ठरवणे हे कर्ज थकण्याचे मोठे कारण आहे, आणि अर्ज भरताना त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

पुढची पायरी कर्जाचा प्रकार ठरवण्याची. मशिनसाठी मुदत कर्ज. माल भरायला आणि उधारी सांभाळायला खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या फिरत्या गरजेचा पैसा. लहान उद्योगांचे खेळते भांडवल बँका उलाढालीवरून काढतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. वरच्या उदाहरणात वर्षाची उलाढाल ८ लाख ४४ हजार होते, म्हणजे बँकेचा वाटा सुमारे १ लाख ६९ हजार. माल भरायला घेतलेल्या पैशातून मशिन घेऊ नका. पैसा मशिनमध्ये अडकतो आणि दिवाळीच्या तोंडावर कपाट रिकामे राहते.

कागद फार लागत नाहीत. आधार, पॅन, बँकेचा खातेउतारा, जागेचा पुरावा, मशिनचे कोटेशन आणि उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. ते मुद्रा नावाची कंपनी आपल्याला थेट देत नाही. बँक, सूक्ष्म वित्तसंस्था अशा कर्ज देणाऱ्या संस्थांमार्फतच मिळते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

प्रकल्प अहवाल दुकानातल्या वहीवरूनच लिहा. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना मिळतो आणि त्यातले आकडे गोंडस असतात, पण खातेउतारा वेगळेच सांगतो. अधिकारी दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. अर्ज दिल्याची पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा.

दुकानाचे काम इथे संपते, पण याच वह्यांतून संशोधन उभे राहू शकते, आणि मला तेच फार मोलाचे वाटते. १९६९ साली, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुचवले की बँकांचे नियोजन जिल्हा धरून व्हावे. त्यातून अग्रणी बँक योजना आली: प्रत्येक जिल्ह्यासाठी एका बँकेने पुढाकार घ्यायचा. जालन्यासाठी ती बँक ऑफ महाराष्ट्र आहे. हेच गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत असताना पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली होती. आधी पाहणी, मग धोरण, असा तो क्रम होता.

आजही अग्रणी बँक जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा करते आणि बँकांची जिल्हास्तरीय समिती त्यावर चर्चा करते. तिथे किती कर्ज वाटले हे कळते. कोणत्या महिन्यात हप्ता अडतो, सावकाराकडून किती उचलले, अर्ज कोणत्या कारणाने परत आला, हे दुकानदाराच्या वहीतच सापडते. एका वर्गातील मुलांनी काद्राबाद, सिंधी बाजार, मामा चौक अशा भागांतल्या दुकानांचे बारा महिन्यांचे तक्ते एकाच नमुन्यात केले, तर पावसाळ्यात हप्ता कमी आणि दिवाळीनंतर जास्त ठेवा, अशी मागणी आकड्यांनिशी मांडता येईल.

यासाठी आपली संमती लेखी द्या आणि नाव, पॅन, खाते क्रमांक काढून टाकल्याची खात्री करा. मुलांनी गाठायला सोपी म्हणून फक्त ओळखीची दुकाने घेतली तर चित्र चुकते. हातगाडीवाले, घरातून पापड-शेवया करणाऱ्या बायका, कर्ज नाकारले गेलेले लोक त्यात हवेत.

अहवाल प्राध्यापकांमार्फत अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाकडे जावा, आणि वेळेत जावा. आराखडा एप्रिलपासून लागू होतो. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात दिलेला अहवाल त्या वर्षाच्या उपयोगाचा राहत नाही, म्हणून माहिती गोळा करण्याचे काम पहिल्या सत्रातच उरकायला हवे.