बॅडमिंटनचे फूल आणि विद्यार्थ्याचे मन

परीक्षा जवळ आली की आपल्यापैकी पुष्कळ जण सर्वांत आधी खेळणे सोडतात. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आम्हा मुलामुलींना तर, आईवडील शेतात राबत असता आपण हाती रॅकेट धरावी, हे अपराधासारखे वाटते. म्हणून या खेळाने मनाला खरोखर काही लाभ होतो काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बॅडमिंटन आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यावरून त्याला ‘पूना’ असेही म्हणत. पुढे इंग्लंडातील ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून आजचे नाव रूढ झाले. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलंगोरची स्पर्धा जिंकून त्यात भारताचे नाव केले. परंतु येथे विचार विजेत्यांचा नसून, संध्याकाळी घटकाभर खेळणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचा आहे.

मनःस्थिती मोजण्याची एक प्रश्नावली १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ आणि उत्साह अशा सहा बाजू तीत पाहिल्या जातात. उत्तम खेळाडूंमध्ये उत्साह सरासरीच्या वर आणि बाकीच्या पाच गोष्टी खाली आढळतात, असे मॉर्गन या मानसशास्त्रज्ञाने दाखविले. पाण्यावर टोक काढून तरंगणाऱ्या हिमनगासारखी ही आकृती दिसते.

रॅकेटच्या खेळात हे कसे घडत असावे? धावपळीने श्वास व रक्ताभिसरण वाढते आणि वेदना व ताण हलका करणारी द्रव्ये शरीरात निर्माण होतात. शिवाय फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. ते केव्हा वळेल, केव्हा पडेल याचा नेम नाही. त्यावर नजर खिळली की पेपरची, फीची, नोकरीची चिंता तेवढ्यापुरती तुटते. शिवाय हा खेळ एकट्याने होत नाही. जाळीपलीकडे कोणीतरी लागतेच, आणि नव्या गावी खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखीचे माणूस मिळते.

मात्र एक प्रयोग विचार करावयास लावणारा आहे. १९७८ साली मॉर्गन व त्यांच्या सहकाऱ्याने काही पुरुषांना चालावयास, काहींना ध्यान करावयास, तर काहींना नुसते खुर्चीत शांत बसावयास सांगितले. तिन्ही गटांची चिंता सारखीच कमी झाली! म्हणजे गुण केवळ घामाचा नाही, तर रोजच्या विवंचनेतून मनाला दिलेल्या सुटीचाही आहे. यावरून मला असे वाटते की, ‘आपण वेळ वाया घालवीत आहोत’ असे मनात घोळवीत खेळल्यास ही सुटी मिळणारच नाही. हरण्याच्या धास्तीने खेळल्यासही तेच होईल. अर्थात खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर खेळावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे, हेही सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. रोजची वीस-पंचवीस मिनिटे होतात. नवीन जालन्यातल्या कोणत्याही मोकळ्या जागेत, ऊन चढण्यापूर्वी, दोन खांबांना दोरी बांधली तरी भागते. वाऱ्यात पिसांचे फूल भरकटते. तेथे प्लॅस्टिकचे घ्यावे.

खेळाचे साहित्य केवळ निवडक संघासाठी कपाटात न राहता, ज्यांना स्पर्धा जिंकायची नाही अशांनाही, विशेषतः पाहत उभ्या राहणाऱ्या मुलींना, ते घटकाभर मिळावे, अशी गुरुजनांना नम्र विनंती. आणि मित्रहो, आईवडिलांच्या कष्टांची जाण ठेवूनही अर्धा तास खेळता येते. ताजे झालेले मन घेऊन पुस्तकाकडे परतणे, हा त्या कष्टांचा अवमान खचित नव्हे.