खडकांचे अवरक्त उत्सर्जन

तापलेल्या खडकातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाचे (तांबड्या प्रकाशापेक्षा अधिक तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रारणाचे) मापन करून त्या खडकाच्या संघटनाविषयी अनुमान काढता येते. शुक्र व बुध या ग्रहांच्या तप्त पृष्ठभागांविषयी अवकाशयानांनी मिळविलेल्या माहितीचा अर्थ लावण्यासाठी पृथ्वीवरील ज्ञात खडक तितक्याच तापमानापर्यंत तापवून त्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेत मोजतात.

तत्त्व : निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ प्रारण उत्सर्जित करतो. एखाद्या तापमानास व तरंगलांबीस आदर्श कृष्ण पदार्थ जेवढे प्रारण उत्सर्जित करील, त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष पदार्थ जेवढे उत्सर्जित करतो त्या गुणोत्तरास ‘उत्सर्जनक्षमता’ म्हणतात. तिचे मूल्य ० ते १ यांदरम्यान असते. जी. आर्. किरखोफ यांच्या नियमानुसार अपारदर्शक पदार्थाची उत्सर्जनक्षमता व परावर्तनक्षमता यांची बेरीज १ असते. त्यामुळे थंड खडकाचे परावर्तन मोजून त्यावरून तप्त खडकाचे उत्सर्जन काढता येईल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु हा नियम एकाच तापमानाच्या दोन राशींना लागू पडतो. तापमान वाढले की स्फटिकाचे जालक प्रसरण पावते, शोषणपट्ट सरकतात व रुंदावतात आणि काही लोहयुक्त खनिजांचा रंगही बदलतो. म्हणून थंड नमुन्याचा वर्णपट तप्त ग्रहाला जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते.

दक्षिण ट्रॅपमधील बेसाल्ट : अकोल्याच्या दक्षिणेकडील बार्शीटाकळीच्या परिसरात आढळणारा काळा खडक हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅप लाव्ह्यांचा बेसाल्ट आहे. प्लॅजिओक्लेज, पायरोक्सीन व लोहाची ऑक्साइडे ही त्यातील प्रमुख खनिजे होत. १९८२ मध्ये शुक्रावर उतरलेल्या व्हेनेरा-१३ व व्हेनेरा-१४ या सोव्हिएट यानांनी केलेल्या रासायनिक विश्लेषणात तेथील खडकही बेसाल्टसदृश असल्याचे दिसून आले. त्यामुळे वऱ्हाडातील खडक हा शुक्राच्या अभ्यासात तुलनेसाठी घेता येण्याजोगा खडक आहे.

याच ट्रॅप प्रदेशातील लोणार (जि. बुलढाणा) येथील बेसाल्टच्या उत्सर्जनाचा अभ्यास मंगळाच्या संदर्भात झाला आहे. बेसाल्टमध्ये निर्माण होऊन चांगल्या स्थितीत टिकलेल्या मोजक्या आघात विवरांपैकी लोणार हे एक आहे. शॉन राइट, पी. आर्. क्रिस्टेन्सन व टी. जी. शार्प यांनी तेथील आघातग्रस्त बेसाल्टच्या औष्णिक उत्सर्जनाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तीव्र आघाताने प्लॅजिओक्लेजचे मॅस्केलिनाइट या काचसदृश पदार्थात रूपांतर होते व त्यानुसार वर्णपटही बदलतो. रासायनिक संघटन बहुतांशी तेच असूनही खडकाच्या इतिहासामुळे त्याचे उत्सर्जन वेगळे होऊ शकते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा बोध होय.

शुक्राची विशेष स्थिती : शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सु. ४६०° से. व वातावरणीय दाब पृथ्वीवरील दाबाच्या सु. ९० पट आहे. या तापमानास सर्वाधिक उत्सर्जन सु. ४ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा सहस्रांश) तरंगलांबीच्या आसपास होते; परंतु दाट कार्बन डाय-ऑक्साइड वायूमुळे ते वर येऊ शकत नाही. सिलिकेटांची ओळख पटविणारा ८ ते १२ मायक्रॉन हा पट्टाही असाच बंद असतो. केवळ १ मायक्रॉनच्या आसपासच्या काही अरुंद ‘गवाक्षां’तून पृष्ठभागाचे क्षीण प्रारण ढग भेदून बाहेर पडते व ते ग्रहाच्या रात्रीच्या बाजूवर मोजता येते. या तरंगलांबींना उत्सर्जनक्षमता मुख्यत्वे खडकातील लोहावर अवलंबून असते. लोहसमृद्ध बेसाल्टची उत्सर्जनक्षमता अधिक, तर ग्रॅनाइटाची कमी असते.

मापनपद्धती : जर्मन अवकाश केंद्राच्या बर्लिन येथील प्रयोगशाळेत अशी मापने केली जातात. खडकाची चकती किंवा भुकटी निर्वात कोठीत ठेवून विद्युत् प्रवर्तनाने तापवितात, तिचे प्रारण वर्णपटमापकात सोडतात व त्याच तापमानाच्या कृष्ण पदार्थाच्या प्रारणाशी त्याची तुलना करतात. यातील मुख्य अडचण तापमानाच्या अचूकतेची असते. शुक्राच्या तापमानास १ मायक्रॉन तरंगलांबीचे प्रारण तापमानातील दर अंशाच्या वाढीबरोबर सु. २·७ टक्क्यांनी वाढते; म्हणजे दोन अंशांची चूक उत्सर्जनक्षमतेत पाच टक्क्यांहून अधिक चूक निर्माण करते. निर्वातात भुकटीचा वरचा थर खालच्या थरापेक्षा थंड राहतो, ही दुसरी अडचण होय. शिवाय नमुन्याचे भांडेही तापून प्रारण सोडते व अंशतः पारदर्शक खनिजांतून ते आरपार येते. यासाठी धातूऐवजी मृत्तिका पदार्थांची भांडी वापरात आणली गेली.

शुक्रावर दर किलोमीटर उंचीमागे तापमान सु. ८° से. ने घटते. त्यामुळे डोंगर व सखल भाग यांच्या प्रारणांतील फरक खडकांच्या फरकापेक्षाही मोठा असू शकतो आणि भूरूपांच्या उंचीचे ज्ञान असल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही.

निष्कर्ष व महत्त्व : यूरोपीय ‘व्हीनस एक्सप्रेस’ यानाने (२००६–१४) केलेल्या मापनांवरून काही ज्वालामुखी क्षेत्रांची उत्सर्जनक्षमता सभोवतालच्या प्रदेशापेक्षा अधिक असल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले. तेथील लाव्हा भूवैज्ञानिक दृष्ट्या अलीकडचे व अद्याप फारसे अपक्षय न झालेले असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. ऑलिव्हिनासारखी खनिजे तप्त हवेत ठेवली असता त्यांवर अल्पावधीत हेमॅटाइटाचा थर येतो, असे प्रयोगांत आढळले असून त्यामुळे या अनुमानास पुष्टी मिळते. याउलट ‘टेसेरा’ नावाच्या प्राचीन, सुरकुतलेल्या उंच प्रदेशांचे उत्सर्जन अपेक्षेपेक्षा कमी दिसते. ते ग्रॅनाइटसदृश खडकांचे असतील, तर मोठ्या प्रमाणावर ग्रॅनाइट निर्माण होण्यास पाणी आवश्यक असल्याने शुक्रावर एके काळी विपुल पाणी होते, असे मानण्यास आधार मिळेल. हा प्रश्न कमी उत्सर्जनक्षमतेच्या काही टक्क्यांवर अवलंबून आहे. म्हणूनच तप्त खडकांच्या प्रयोगशाळेतील अचूक मापनांना महत्त्व आहे. २०२१ मध्ये निवडलेल्या ‘व्हेरिटास’ व ‘एन्व्हिजन’ या मोहिमांत या गवाक्षांतून मापन करणारी उपकरणे योजली आहेत. भारताच्या शुक्र परिभ्रमण मोहिमेसही केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. [→ अवरक्त प्रारण, दक्षिण ट्रॅप, लोणार सरोवर, शुक्र].