पन्नास हर्ट्झची फसगत

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. बेअरिंग, पंखे, पंप यांची कंपनं मोजायला वीज केंद्रांत पीझोइलेक्ट्रिक सेन्सर सर्रास वापरतात. दाब पडला की विद्युतभार देणारा स्फटिक हा त्यांचा गाभा. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली हा गुणधर्म दाखवून दिला. सेन्सरचा संकेत आकड्यांत बदलणारं कार्ड निवडताना मात्र चर्चा बहुधा १६ बिट की २४ बिट, एवढ्यावरच अडते. माझ्या मते ती चुकीच्या टोकापासून सुरू होते. २४ बिटांचं कार्ड संकेत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांत मोजतं खरं, पण संकेत कार्डापर्यंत पोचण्याआधीच गळाला असेल तर चुकीचाच आकडा बारकाईने मोजला जातो.

ही गळती किती मोठी असते ते पाहा. स्फटिकाचा भार पिकोकूलंबमध्ये मोजण्याइतका तुटपुंजा असतो आणि वाट मिळेल तिथून तो निसटतो. १००० पिकोफॅरड धारितेचा सेन्सर १ मेगओहम इनपुटच्या साध्या कार्डाला थेट जोडला, तर १५९ हर्ट्झच्या खालची कंपनं झपाट्याने दबत जातात. टर्बाइनचं ५० हर्ट्झचं कंपन मग खऱ्याच्या जेमतेम ३० टक्के दिसतं. यंत्र धोक्याकडे निघालेलं असतं आणि पडदा मात्र सारं ठीक असल्याचं सांगतो. चार्ज ॲम्प्लिफायर हा यावरचा उपाय. वाल्टर किस्टलर यांनी १९५० साली त्याचं पेटंट मिळवलं. तो भार स्वतःच्या कपॅसिटरवर ओढून घेतो, त्यामुळे केबलच्या लांबीचाही फारसा परिणाम उरत नाही.

आता हे सर्किट सेन्सरच्या पोटातच असतं, मग काळजी कशाला, असं कुणी विचारेल. बऱ्याच जागी ते पुरतंही. पण त्यातले बहुतेक सेन्सर साधारण १२० अंश सेल्सिअसपलीकडे टिकत नाहीत; वाफेच्या तप्त भागांजवळ जुन्या पद्धतीचा सेन्सरच लागतो. शिवाय दोन्ही प्रकारांना अर्थ लूपचा धोका आहेच. यंत्राचं अर्थिंग आणि कंट्रोल रूममधल्या कार्डाचं अर्थिंग यांच्या पातळीत फरक असला की केबलच्या आवरणातून प्रवाह वाहतो, आणि तो असतो ५० हर्ट्झचा. टर्बाइनची गतीही तीच, तीही ग्रिडशी बांधलेली! असंतुलन आणि विजेची गुणगुण एकाच रेषेवर येतात. संच चालू असताना कोणताही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून सेन्सर यंत्रापासून इन्सुलेट करावा आणि अर्थिंग एकाच टोकाला ठेवावं. संच बंद होताना खात्रीही करता येते: गती उतरते तशी खऱ्या कंपनाची रेषा खाली सरकते, गुणगुण मात्र ५० वरच राहते. बिनखर्चाची ही तपासणी प्रत्येक शटडाउनला सक्तीची असावी, असं मला ठामपणे वाटतं.

कारखान्याला नेमका आकडा नको, आकड्याचा कल पुरे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण मोजणीची साखळी न बदलली तरच तो कल विश्वासाचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. राखेने माखलेल्या कनेक्टरमध्ये ओल शिरली की इन्सुलेशन घसरतं आणि चार्ज ॲम्प्लिफायरचा आकडा सरकू लागतो. तेव्हा कल बदलला तो बेअरिंगमुळे की पावसामुळे, हे केवळ आलेख पाहून सांगता येत नाही. त्यासाठी कंपनाच्या नोंदीशेजारी इन्सुलेशनची आणि बदललेल्या प्रत्येक केबलची नोंद हवी.