एक्स्टेंडेड वॉरंटी संपत आलीय? आधी गाडी रॅम्पवर चढवा, तक्रार कागदावर घ्या

चोपडे (प्रतिनिधी) : गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टकटक आवाज यायचा. सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तोंडी सांगितलं. ‘बघतो’ म्हणाले. जॉब कार्डवर मात्र ‘जनरल सर्व्हिस’ एवढंच लिहिलेलं, आणि मी न वाचताच सही केली. आवाज काही गेला नाही. चतुर्थीच्या गडबडीत परत जायचं राहिलं. गेलो तेव्हा एक्स्टेंडेड वॉरंटी संपून १२ दिवस झाले होते. स्टिअरिंग रॅकचे पैसे खिशातून गेले. तक्रार जुनीच होती, पण कागदावर नव्हती.

तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी काय संपतं ते बघा

वॉरंटीला वर्षं आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात. जी आधी येईल तिथे वॉरंटी संपते. समजा मर्यादा ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर आहे. मुदतीला ४ महिने आहेत, पण मीटरवर ९६,००० झालेत. चोपड्याहून शिवोली पुलावरून म्हापसा, पर्वरी, पणजी असं रोजचं ६० किलोमीटर धरलं, तर उरलेले ४,००० किलोमीटर ६७ दिवसांत संपतात. म्हणजे तारखेच्या आधीच वॉरंटी गेली! निदान महिनाभर आधी गाडी दाखवा. पार्ट मागवावा लागला तर तेवढा वेळ हातात हवा.

घरी काय तपासाल?

सकाळी थंड इंजिन सुरू करताना आवाज, धूर बघा. रात्री गाडी उभी होती तिथे तेलाचे डाग आहेत का पाहा. एसी लावून गाडी उभी ठेवा, गारवा कमी होतो का बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. गतिरोधकावर खडखड होते का ऐका. सगळ्या काचा, लॉक, कॅमेरा चालवून बघा. जे सापडेल ते लिहून ठेवा.

वर्कशॉपमध्ये काय सांगाल?

गाडी रॅम्पवर घेऊन खालून दाखवायला सांगा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची गळती, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले रबर बूट, इंजिन-गिअरबॉक्सचं झिरपणं वरून दिसत नाही. स्कॅनर लावून जुने एरर कोडही बघायला सांगा. डॅशबोर्डवर दिवा पेटला नाही तरी कोड साठलेला असू शकतो.

काय मिळतं, काय नाही

इंजिन, गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांतले दोष बहुतेक योजनांत बसतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा बसत नाहीत. आपल्याकडे शापोरा नदी आणि समुद्राची खारी हवा. त्यामुळे खालून गंज धरतो, पण गंज बहुधा वॉरंटीत येत नाही. पावसात इंजिनात पाणी गेलं तर तो विम्याचा विषय. खासगी गाडी भाड्याने फिरवली असेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तेव्हा आपलं पुस्तक वाचा. सर्व्हिसची सगळी बिलंही सोबत न्या.

सही करण्याआधी

प्रत्येक तक्रार तुमच्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. तारीख आणि किलोमीटर नीट आहेत ना बघा, प्रत मागून घ्या. दोष नाकारला तर कारण लेखी मागा. मुदतीत नोंदवलेली तक्रार नंतर ‘मुदत संपली’ म्हणून टाळली गेली, तर हाच कागद कामी येतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. कंपनी कुठली का असेना, पेडण्याच्या माणसाला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही.

आज घरी गेल्यावर पुस्तक काढा. तारीख बघा आणि मीटरही बघा.